‘आमचे पाँपेई’ : एका उपमेची परीक्षा

मराठी लेखनात काही उपमा इतक्या सहजपणे वापरल्या जातात, की त्यांची परीक्षा करण्याची गरजच कुणास वाटत नाही. पाँपेई ही त्यांपैकी एक होय. एखाद्या गावाच्या पांढरीत उत्खनन झाले, चार खापरे, दोन नाणी आणि एखादी विटांची भिंत वर आली, की ‘हे आमचे पाँपेई’ असे लिहून आपण मोकळे होतो. एखादी बोली ओसरू लागली, एखाद्या पंथाची जुनी पोथी हाती आली, तरीही तीच उपमा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिलेल्या पांढुर्णा आणि सौसर ह्या मराठी मुलखाविषयी लिहितानाही ‘काळाच्या राखेखाली जपले गेलेले मराठीपण’ अशा धर्तीची वाक्ये सुचतात आणि ती वाचकास गोडही वाटतात. उपमा गोड वाटावी ह्याला आमची हरकत नाही. परंतु उपमा ही केवळ शोभा नव्हे, ती एक दृष्टी असते. ज्या वस्तूस आपण उपमान म्हणून जवळ करतो, तिच्यासारखेच पुढे उपमेयाशी वागू लागतो. म्हणून ह्या उपमेतील साधारण धर्म कोणता आणि तो आपल्याकडील उपमेयांस कितपत लागू पडतो, हे एकदा नीट तपासून पाहिले पाहिजे.

१

प्रथम उपमानाकडे वळू. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसचा उद्रेक झाला आणि पाँपेई नगर प्रथम हलक्या सच्छिद्र दगडांच्या वर्षावाखाली व नंतर तप्त वायू आणि राख यांच्या लोटांखाली गाडले गेले. हा उद्रेक ऑगस्टमध्ये झाला असे परंपरेने मानले जाई. २०१८ मध्ये तेथील एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरातील तिथी सापडल्यापासून तो शरदऋतूत झाला असावा, ह्या मतास बळ आले आहे. पद्धतशीर खोदकाम १७४८ मध्ये सुरू झाले. भट्टीत ठेवलेले पाव, धान्य दळण्याची जाती, भिंतींवरील निवडणुकीची आवाहने, शिव्या, प्रेमाची कबुली, हे सारे जसेच्या तसे हाती आले. १८६३ मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली ह्यांनी राखेतील पोकळ्यांत प्लास्टर ओतण्याची युक्ती योजिली आणि मरणसमयीच्या मानवी आकृती उभ्या राहिल्या.

ह्या घटनेस साक्षीदारही लाभला. धाकटा प्लिनी त्या वेळी सतरा वर्षांचा होता आणि आखाताच्या दुसऱ्या टोकास, मिसेनम येथे राहत होता. पुढे अनेक वर्षांनी इतिहासकार टॅसिटस ह्याच्या विनंतीवरून त्याने दोन पत्रे लिहिली : एकात मामाच्या मृत्यूची हकीकत आहे, दुसऱ्यात स्वत:च्या व मातेच्या पलायनाची. अंधार, गर्दी, हाका, पित्याने मुलास आणि मुलाने पित्यास शोधणे, हे सारे त्यांत आहे. मात्र पाँपेई नगराच्या नाशाचा उल्लेख त्यांत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाँपेईचे वाङ्मयीन चित्र पुढच्या काळाने रचले. १८३४ मध्ये बुल्वर-लिटन ह्यांची पाँपेईच्या अखेरच्या दिवसांवरील कादंबरी प्रसिद्ध झाली आणि त्या नगराचा शेवटचा दिवस हाच त्याचा खरा दिवस, अशी सर्वसामान्य वाचकाची समजूत दृढ झाली.

तेव्हा ह्या उपमेचे तीन धर्म सांगता येतात : आकस्मिकता, संपूर्णता आणि साक्ष. एका झटक्यात नाश व्हावा, नाशामुळेच सर्व काही अखंड राहावे, आणि ते पाहणारा कुणीतरी असावा. मूळ पाँपेईच्या बाबतीतही हे धर्म वाटतात तितके निर्भेळ नाहीत. इ. स. ६२ च्या भूकंपाने ते नगर खचले होते आणि उद्रेकाच्या वेळीही तेथे डागडुजी चालूच होती. म्हणजे जो क्षण गोठला तो दुरुस्तीच्या मध्यातला होता. शिवाय राखेने राखले ते उघडे पडताच पुन्हा नाश पावू लागले. २०१० मध्ये ग्लॅडिएटरांशी संबंधित एक प्रसिद्ध वास्तू कोसळली तेव्हा हे जगाला दिसले. नगराचा सुमारे एक तृतीयांश भाग आजही खोदलेला नाही. असे असूनही उपमा म्हणून पाँपेई आपल्या मनात उभे राहते ते ह्या तीन धर्मांनिशीच.

२

आता उपमेयांकडे येऊ. पहिले उपमेय पुरातन नगरांचे. मराठी भाषेत वस्तीच्या जमिनीस पांढरी आणि पिकाच्या जमिनीस काळी म्हणतात. पिढ्यान् पिढ्या माणसे राहिली, चुली पेटल्या, मातीच्या भिंती पडल्या आणि पुन्हा उभारल्या, की जमीन पांढुरकी होते आणि टेकाड चढत जाते. हा शब्द शेतकऱ्याने घडविला असला तरी पुरातत्त्वाचा सारा सिद्धान्त त्यात सामावलेला आहे. पांढरी म्हणजे थरांवर थर. पाँपेई म्हणजे एकच थर, अचानक झाकलेला. हा भेद आपल्या भाषेने केला आहे आणि आपले लेखक मात्र तो विसरतात.

तेरचे उदाहरण घ्या. ‘पेरिप्लस’ ह्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात पैठणासह ‘तगर’ ह्या नगराचा उल्लेख येतो आणि तेथून भडोचच्या बंदराकडे कापड जात असल्याचे सांगितले आहे. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथे सातवाहनकालीन वस्तूंचा मोठा संग्रह झाला आणि उत्खननेही झाली. परंतु तेर एका दिवसात बुडाले नाही. व्यापार मंदावला, थोरवी ओसरली, गाव मात्र राहिले. इतकेच नव्हे, तर तेराव्या शतकात त्याच पांढरीवर गोरोबाकाका मडकी घडवीत होते. तेरला पाँपेई म्हणणे म्हणजे सातवाहनांनंतर तेथे काही घडलेच नाही असे म्हणणे होय. उपमेच्या एका फटकाऱ्यात संत गोरा कुंभार पुसले जातात, ही किंमत थोडी नव्हे.

मौज अशी, की तेरचा आणि पाँपेईचा खरा संबंध उपमेपेक्षा अधिक रोचक आहे. १९३८ मध्ये आमेदेओ मायुरी ह्यांच्या देखरेखीखाली पाँपेईतील एका घरात सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. दोन्ही बाजूंस दासी, अंगावर भरघोस दागिने, घडण नि:संशय भारतीय. तिला प्रथम लक्ष्मी म्हटले गेले. ती यक्षी असावी असे आता अनेकांचे मत आहे. तिच्याशी निकटचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती दोन ठिकाणी मिळाल्या : एक तेर येथे आणि दुसरी जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे १९७३ च्या उत्खननात. पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची. त्यामुळे ती नेमकी कोठे घडली ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु इतके निश्चित, की व्हेसूव्हियसने जे गाडले त्यात दक्षिणापथास परिचित असलेली एक कला होती. म्हणजे पाँपेई हे आमच्या नगरांचे उपमान नसून एके काळचे गिऱ्हाईक होते. दोन वस्तूंतील संबंध जेथे प्रत्यक्ष दाखविता येतो, तेथे केवळ साधर्म्यावर संतुष्ट राहणे हा समीक्षेतला आळस होय.

३

दुसरे उपमेय पांढरीचे नसून काळीच्याही खालचे आहे, आणि ते खुद्द सौसर-छिंदवाडा भागातले आहे. ज्वालामुखीने नाश करावा आणि ज्वालामुखीनेच जतन करावे, ह्या अर्थाने पाँपेईच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट मराठी मुलखाच्या ह्या टोकाला आहे, आणि आश्चर्य असे की तिला मात्र कुणी पाँपेई म्हटल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीस भेगा पडून लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. व्हेसूव्हियससारखा एक शंकू फुटावा असा हा प्रकार नव्हता. जमीनच ठिकठिकाणी उकलत होती. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या खडकाने व्यापला आहे आणि पश्चिमेकडे त्याची जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते. नागपूर-छिंदवाड्याकडे हा पसारा पूर्वेच्या काठाशी येऊन पातळ होतो. परंतु हे थर सलग ओतले गेले नाहीत. एक प्रवाह आला, थिजला, आणि दुसरा येईपर्यंत पुष्कळ काळ लोटला. त्या अवधीत थिजलेल्या खडकाच्या खोलगट भागांत पाणी साठले, माती झाली, झाडे वाढली, गोगलगायी आल्या. मग पुढचा प्रवाह त्यावर पसरला. दोन प्रवाहांमध्ये सापडलेल्या ह्या गाळाच्या थरांस शास्त्रज्ञ ‘अंतरा-ट्रॅपी थर’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी टाकळीच्या परिसरात त्यांतील जीवाश्म गोळा केले, तेव्हापासून ह्या अभ्यासाची परंपरा चालत आली आहे.

छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलां हे त्या परंपरेचे तीर्थक्षेत्र. बिरबल साहनी आणि के. पी. रोडे ह्यांनी तेथील वनस्पतींवर १९३७ मध्ये निबंध लिहिला. साहनी आणि एच. एस. राव ह्यांचा सौसरच्या आसपासच्या दगडांतील वनस्पतींवरील निबंध १९४३ चा. हे दगड चर्ट जातीचे, म्हणजे आपण ज्यांस गारगोटी म्हणून बाजूला सारतो त्यांच्या जातकुळीचे. पाण्यात विरघळलेली सिलिका वनस्पतीच्या पेशीपेशीत शिरली आणि तेथेच दगड झाली. त्यामुळे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की पेशींच्या भिंती दिसतात. सौसरच्या दगडांत अझोला ही पाण्यावर तरंगणारी नेचावर्गीय वनस्पती मिळाली. तिची भावंडे आजही तळ्यांत वाढतात आणि शेतकरी ती गुरांना चारा म्हणून घालतात.

मोहगावच्या एका फळाची कथा तर समीक्षकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. साहनींनी १९४३ मध्ये ह्या फळाचे वर्णन केले आणि त्याच्या शास्त्रीय नावातच ‘कोडे’ असा अर्थ गुंफला : एनिग्मोकार्पॉन परीजाई. मेंदी आणि धायटी ज्या कुळातल्या, त्या कुळाशी त्याचे नाते त्यांनी जोडले. पुढच्याच वर्षी नागपूरचे व्ही. बी. शुक्ल ह्यांनी त्याच ठिकाणच्या एका अश्मीभूत फुलाचे वर्णन केले, त्यास ‘साहनिअँथस’ असे नाव दिले आणि त्या फुलाचा ह्या फळाशी असलेला संबंध विचारात घेतला. फूल एका दगडात, फळ दुसऱ्या दगडात. आणि साडेसहा कोटी वर्षांनंतर दोन अभ्यासकांच्या मेजांवर त्यांची गाठ पडते. निपा ह्या पाणताडाचे फळही येथे मिळाले. आज निपा सुंदरबनातील व आग्नेय आशियातील खाड्यांच्या काठी, खाऱ्या-गोड्या पाण्याच्या संगमावर वाढतो. म्हणजे संत्र्यांच्या ह्या मुलखात एके काळी समुद्राचा एखादा फाटा जवळ आलेला असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला. नागपूरच्या श्या चितळे ह्यांनी मोहगावच्या ह्याच वनस्पतींवर दीर्घकाळ काम केले आणि पुढे अमेरिकेत क्लीव्हलँडच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात पुरावनस्पतिशास्त्राचा विभाग उभा केला.

आता तीन धर्मांच्या कसोटीवर हे उपमेय लावून पाहू. साक्ष येथे नाहीच, कारण मनुष्यच नव्हता. संपूर्णता आहे, आणि ती पाँपेईपेक्षा अधिक आहे : पाँपेईच्या राखेत देहाची केवळ पोकळी उरली, येथे पेशीची भिंत उरली. परंतु आकस्मिकता ? येथेच उपमा मोडते. मोहगावची फळे लाव्ह्याने तोडली नाहीत. ती पिकली, गळली, तळ्यात बुडाली आणि शांतपणे दगड झाली. लाव्ह्याने पूर्वी त्या तळ्याची जागा सिद्ध केली होती आणि नंतर त्यावर झाकण घातले. पण झाकणाखाली जे सापडते तो उत्पाताचा इतिहास नव्हे, दोन उत्पातांमधील निवांत काळाचा इतिहास आहे. पाँपेई आपणांस शेवटचा दिवस सांगते, तर सौसरचा दगड साध्यासुध्या दिवसांची हकीकत सांगतो. ‘अंतरा’ हा शब्द शास्त्रज्ञांनी केवळ ‘मधला’ ह्या अर्थी योजिला असेल, पण गाण्यात ध्रुपदानंतर येणाऱ्या आणि गाण्याचा विस्तार पेलणाऱ्या भागासही आपण अंतराच म्हणतो, हे रसिकांस सांगावयास नको.

आमची तक्रार आहे ती येथे. मराठी काव्यात आणि ललित गद्यात दगडास एकच काम नेमून दिलेले आहे : त्याने कणखर असावे. सह्याद्रीचा कातळ म्हणजे शौर्य, पाषाणहृदय म्हणजे निर्दयता. ज्या दगडाने फुलाच्या पाकळीसारखी नाजूक वस्तू कोट्यवधी वर्षे सांभाळली, तो आपल्या प्रतिमासृष्टीत अद्याप आलेला नाही. निरीक्षण आणि लालित्य एकत्र नांदू शकतात हे दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्रा’त १९५६ मध्येच दाखवून दिले होते. ती वाट ऋतूंपासून खडकांपर्यंत का पोहोचली नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मोहगावचे नाव ‘मोहगाओस्ट्रोबस’ ह्या वंशनामाच्या रूपाने जगाच्या वनस्पतिशास्त्रात गेले, आणि ज्या भाषेतील ‘मोह’ आणि ‘गाव’ हे शब्द त्यात आहेत त्या भाषेच्या साहित्यात ते शोधावे लागते.

४

तिसरे उपमेय भाषेचे आहे आणि आमच्या मते तेच अधिक जोखमीचे आहे.

भाषेच्या बाबतीत ‘राखेखाली जपणूक’ म्हणजे काय, ह्याचे एक उदाहरण आपल्या वाङ्मयेतिहासात आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. पांढुर्ण्याहून फार दूर नसलेले अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे ह्या पंथाचे महास्थान. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे आदींच्या प्रयत्नांनी ह्या लिप्या उलगडल्या, आणि तेराव्या शतकातील मराठी गद्य आपल्यापुढे आले. ही जपणूक थोर होती ह्यात शंका नाही. पण तिची दुसरी बाजू समीक्षेने पाहिली पाहिजे. ‘लीळाचरित्रा’सारखे जिवंत, बोलके गद्य पंथाबाहेरच्या मराठीला कित्येक शतके भेटलेच नाही. एकोणिसाव्या शतकात आधुनिक मराठी गद्य घडत असताना घडविणाऱ्यांपुढे संस्कृत आणि इंग्रजीचे नमुने होते. आपल्याच घरचा तेराव्या शतकातला नमुना नव्हता. राखेने ग्रंथ वाचविले, परंपरा मात्र तुटली. ग्रंथाच्या बाबतीत हा व्यवहार एक वेळ परवडतो, कारण ग्रंथ पुन्हा उघडता येतो. बोलीच्या बाबतीत तो परवडत नाही. बोलणारा गेला, की पोकळीत प्लास्टर ओतून काढलेली आकृतीच उरते.

पांढुर्णा-सौसरच्या मराठीस पाँपेई म्हणणारे लेखक सहानुभूतीने लिहितात, हे आम्ही मान्य करतो. कुणी असेही म्हणेल, की उपमेने चार माणसांचे लक्ष वेधले तर बिघडले काय ? बिघडते ते असे. पाँपेईच्या दृष्टीने पाहणारा अभ्यासक ह्या मुलखात येतो तो जुने तेवढे वेचण्यासाठी. जात्यावरच्या ओव्या, पोळ्याची गाणी, वऱ्हाडी-नागपुरी वळणाची जुनी रूपे तो टिपून घेतो. ते काम आवश्यकच आहे आणि आम्ही त्यास कमी लेखत नाही. परंतु ह्या मुलखातल्या माणसाच्या तोंडी आज जे हिंदी शब्द आहेत, ते ह्या अभ्यासकाला मूर्तीवर चढलेल्या मातीसारखे वाटतात. ते झटकून तो पुढे जातो. वास्तविक ते शब्द हाच ह्या भाषेचा अलीकडचा थर आहे. वरूडचा शेतकरी ‘तलाठी’ म्हणतो, पांढुर्ण्याचा ‘पटवारी’. वरूडकडे ‘पंचायत समिती’, पांढुर्ण्याकडे ‘जनपद पंचायत’. ह्यांतला पटवारी तर जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात सर्वांचाच होता. १९५६ नंतर एका बाजूस तो मागे पडला, दुसऱ्या बाजूस राहिला. म्हणजे एका शब्दात जुनेपणही आहे आणि सीमाही आहे. असे शब्द पांढरीच्या थरांसारखे वाचावयाचे असतात. त्यांस अशुद्ध म्हणून खरवडून काढणारा शिक्षक आणि अस्सल नव्हेत म्हणून टाकून देणारा संग्राहक, दोघेही एकाच उपमेचे बळी होत.

उत्पाताकडेच पाहण्याची ही सवय वृत्तपत्रांतही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव ह्यांच्यामध्ये गोटमार होते, पात्रात रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी दगड चालतात, माणसे जखमी होतात, आणि त्या दिवशी पांढुर्ण्याचे नाव देशभर छापून येते. प्रथा क्रूर आहे आणि तिची बातमी व्हावी हे योग्यच. पण उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत तेथे संत्र्याचे बाग शिंपले जातात, कापूस वेचला जातो, मुले शाळेत जातात, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी बोलली जाते. ह्या दिवसांना आपल्या साहित्यात जागा नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर ह्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. एका मोठ्या मराठीभाषक मुलखास प्रशासनाच्या नकाशात स्वत:चे नाव मिळाले. वाङ्मयाच्या नकाशावर ते नाव अजून यावयाचे आहे.

तात्पर्य, पाँपेईची उपमा टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. जेथे खरोखर एका झटक्यात जीवन थांबले आणि थांबले म्हणूनच राहिले, तेथे ती वापरावी. तेरसाठी आपल्यापाशी ‘पांढरी’ हा शब्द आहे. मोहगाव आणि सौसरसाठी ‘अंतरा’ हा शब्द आहे. सीमेवरच्या मराठीसाठी मात्र कोणतीही भूतकाळवाचक उपमा योजण्यापूर्वी लेखकाने थबकावे, कारण तेथे खोदावयाचे काही नाही, ऐकावयाचे आहे. ह्या दोन तालुक्यांतील शिक्षकांकडून आमची अपेक्षा त्यामुळे दुहेरी आहे. त्यांनी मुलांच्या हाती सौसरच्या शिवारातली गारगोटी द्यावी, तिच्या जातीच्या दगडांत अझोला आणि मोहगावच्या दगडांत मेंदीच्या कुळातले फळ सापडले हे मराठीत सांगावे. आणि त्या मुलांनी त्याविषयी स्वत:च्या बोलीत, पटवारी आणि जनपद ह्यांसकट, जे लिहिले ते न खरवडता वाचावे. त्यांतली काही पाने ह्या नियतकालिकाकडे आली, तर ती बोलींच्या संग्रहात न टाकता साहित्य म्हणून तपासली जावीत, असा आग्रह आम्ही अकादमीच्या सभासदांपाशी धरू इच्छितो.